इंग्रजीतलं 'यूस्ट टू' नेमकं कुठं वापरायचं? जायचो, सवय आहे, सवय होईल आणि 'वापरतात' यांची गल्लत टाळण्यासाठी पायरीपायरीने

'पूर्वी मी रोज पंचगंगेत पोहायला जायचो.' 'मला रात्रपाळीची सवय आहे.' 'होईल हळूहळू सवय.' 'ही वाळू साचा करायला वापरतात.' मराठीत या चार वाक्यांची कुणी कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र चारही ठिकाणी कागदावर तीच अक्षरं येतात: यू-एस-ई-डी आणि पुढं टी-ओ. गाडी अडते ती इथंच. शाळेत 'यूस्ट टू म्हणजे सवय' एवढं एका ओळीत सांगितलेलं असतं. मग कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मुलाखतीला बसलेला चांगला कारागीर सांगायला जातो एक आणि साहेबाला कळतं भलतंच.

हा लेख त्या चार अर्थांसाठी आहे. इंग्रजीचे नियम पाठ करण्याआधी आपलं मराठी वाक्य नीट ऐका, एवढंच सगळ्यात आधी सांगायचंय. कुठला साचा घ्यायचा हे मराठी क्रियापदाच्या शेवटातच लिहिलेलं असतं.

वाचताना एक लक्षात ठेवा. इथली इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सवयीच्या अर्थाला 'यूस्ट टू' आणि वापरण्याच्या अर्थाला 'यूझ्ड टू' असं लिहिलंय. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीचं एकच असतं.

काय काय लागेल

- शंभर पानी रेघी वही
- दोन रंगांचे पेन, निळा आणि लाल
- मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करायचं ॲप
- उच्चार ऐकवणारा इंग्रजी शब्दकोश, मोबाइलवरचा चालेल
- घरातलं किंवा शेजारचं साठीच्या पुढचं, बोलकं माणूस. त्यांचं काम नवव्या पायरीत आहे, पण आजच विचारून ठेवा.

पायरी १: आधी कान तयार करा

वापरणे या अर्थाच्या 'यूझ'मध्ये शेवटी जो आवाज येतो तो 'जरा'मधल्या ज च्या जवळचा आहे, पण जीभ वर चिकटत नाही. जीभ टाळूपासून किंचित खाली ठेवून माशीसारखा गुणगुणता आवाज काढायचा. त्याचा भूतकाळ 'यूझ्ड'.

सवयीच्या अर्थात हा गुणगुणता आवाज जातो आणि साधा स उरतो. शेवटचा ड सुद्धा ट होतो आणि पुढच्या 'टू'मध्ये मिसळतो. ऐकताना 'यूस्टू' असा एकच शब्द वाटतो. घाईच्या बोलण्यात तर टू सुद्धा अर्धामुर्धा होतो आणि 'यूस्ट गो' असं काहीतरी कानावर पडतं. म्हणून कित्येकांना समोरचा हा साचा वापरतोय हेच समजत नाही.

ओळखायची सोपी युक्ती: दोन बोटं गळ्यावर ठेवा. 'यूझ्ड' म्हणताना गळा शेवटपर्यंत थरथरतो. 'यूस्ट' म्हणताना स आला की थरथर थांबते. दोन्ही शब्द दहा-दहा वेळा बोलून रेकॉर्ड करा आणि शब्दकोशातल्या उच्चाराशी ताडून बघा. 'यूजेड टू' असा मधे ए घालून उच्चार होत असेल तर तो आजच सोडा. त्यात एक अख्खं अक्षर जास्तीचं येतं आणि ऐकणारा अडखळतो.

पायरी २: मराठी वाक्याचा शेवट बघा

- जायचो, राहायची, करायचे, असायचं → पहिला साचा: यूस्ट टू आणि मूळ क्रियापद.
- सवय आहे, सवय होती, सवय नाही → दुसरा साचा: ॲम, इज, आर किंवा वॉज, मग यूस्ट टू, मग नाम किंवा शेवटी इंग (आय-एन-जी) लागलेलं क्रियापद.
- सवय होते, होतेय, झाली, होईल. अंगवळणी पडलं → तिसरा साचा: गेट यूस्ट टू, पुढं दुसऱ्यासारखंच.
- वापरतात, वापरला जातो → चौथा साचा: इज किंवा आर यूझ्ड टू आणि मूळ क्रियापद.

जायचो, जायचे, जायची, जायचास, जायचात असे मराठीत कितीतरी फेर होतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यूस्ट टू गो'. आपल्याकडं बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. इंग्रजीला त्यानंही फरक पडत नाही.

आता तीन फसवे शेवट, कारण चुका इथंच होतात.

'मला उद्या मुंबईला जायचंय.' यातही 'जायचं' आहे, पण मागं 'आहे' चिकटलाय. ही इच्छा किंवा गरज झाली: 'आय हॅव टू गो टू मुंबई टुमारो.' तसंच 'जायचं होतं' म्हणजे 'आय वॉन्टेड टू गो' किंवा 'आय हॅड टू गो'. आहे किंवा होतं लागलं की पहिला साचा बाद. 'मला तेव्हा उसाचा रस आवडायचा' यात मागं काही लागलेलं नाही, म्हणून तो पहिल्या साच्यात बसतो: 'आय यूस्ट टू लाइक शुगरकेन जूस.' म्हणजे 'मी' की 'मला' हे बघू नका, आहे-होतं बघा.

दुसरा फसवा शेवट खास आपल्या भागातला. 'मी रोज तालमीत जातोय.' पुण्याच्या माणसाला हे 'आत्ता निघालोय' असं वाटेल. कोल्हापुरात याचा अर्थ रोज जातो असाच होतो. याचं इंग्रजी 'आय ॲम गोइंग' नाही आणि 'यूस्ट टू' तर मुळीच नाही. सरळ 'आय गो टू द तालीम एव्हरी डे.'

तिसरा: 'मी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जात असतो.' हीसुद्धा आजचीच सवय. 'आय यूज्वली गो फॉर अ वॉक ॲट रंकाळा इन द इव्हनिंग.'

पायरी ३: पहिला साचा, जुनी सवय किंवा जुनी स्थिती

रचना सोपी आहे. कर्ता, यूस्ट टू, मूळ क्रियापद.

'आय यूस्ट टू स्विम इन द पंचगंगा.' पूर्वी पोहायचो.
'शी यूस्ट टू टीच ॲट अ स्कूल इन इचलकरंजी.' ती इचलकरंजीच्या एका शाळेत शिकवायची.
'कोल्हापूर यूस्ट टू बी अ प्रिन्सली स्टेट.' कोल्हापूर पूर्वी संस्थान होतं.

तिसऱ्या वाक्यात सवय कुठंच नाही, जुनी स्थिती आहे. 'यूस्ट टू म्हणजे सवय' हे वाक्य डोक्यातून काढून टाका असं म्हणण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: या साच्यात 'आता तसं नाही' हा अर्थ गृहीत धरलेला असतो. तुम्ही तो बोलला नाहीत तरी ऐकणारा तो घेतोच.

यावरून होणाऱ्या चुका एकेक करून बघू.

*आजची सवय सांगताना वापरणं.* 'आय यूस टू गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे.' आपल्याकडं ही चूक सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि इंग्रजी माध्यमातली मुलंही ती करतात. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, मी रोज पाचला उठतो. ऐकणारा समजतो, पूर्वी उठायचा, आता उशिरा उठतो. बरोबर वाक्य: 'आय गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे.' या साच्याला वर्तमानकाळ नाहीच. 'यूस टू' असा डी नसलेला शब्द फक्त 'डिड'बरोबर येतो, तो पुढच्या पायरीत आहे.

*अजून चालू असलेल्या गोष्टीला लावणं.* बाहेरगावच्या पाहुण्याला कुस्तीचं खासबाग मैदान दाखवताना 'रेसलर्स फ्रॉम द नॉर्थ यूस्ट टू कम हिअर' म्हटलंत तर त्याला वाटेल, आता कुणी येत नाही. उत्तरेकडचे मल्ल आजही कोल्हापुरात येतात. म्हणून 'रेसलर्स फ्रॉम द नॉर्थ हॅव ऑल्वेज कम हिअर' म्हणा. एका शब्दानं मैदान बंद पडल्यासारखं वाटू नये.

*माणसांबद्दल बोलताना.* 'ही यूस्ट टू बी माय फ्रेंड' याचा अर्थ आता मैत्री राहिली नाही असा होतो. तुम्हाला फक्त 'आम्ही कॉलेजपासूनचे मित्र' म्हणायचं असेल तर 'वी हॅव बीन फ्रेंड्स सिन्स कॉलेज'.

*किती काळ, किती वेळा हे मोजून सांगताना.* 'आय यूस्ट टू लिव्ह इन गडहिंग्लज फॉर सिक्स इयर्स' चूक. आकडा आला की साधा भूतकाळ: 'आय लिव्हड इन गडहिंग्लज फॉर सिक्स इयर्स.' तसंच 'पन्हाळ्याला तीनदा गेलो' हे 'आय वेंट टू पन्हाळा थ्री टाइम्स'. मात्र 'आठवड्यातून तीनदा जायचो' ही सवय झाली, तिथं 'आय यूस्ट टू गो थ्री टाइम्स अ वीक' अगदी बरोबर. एकूण बेरीज असेल तर नको, फेरा असेल तर चालेल.

हा फरक आपल्याच गावाच्या इतिहासावर घासून बघा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. नुसतं 'पूर्वी इथं होती' म्हणायचं असेल तर 'प्रभात यूस्ट टू बी इन कोल्हापूर'. वर्षं सांगायची असतील तर 'प्रभात वॉज इन कोल्हापूर फ्रॉम १९२९ टू १९३३'. पहिल्या वाक्याला ती वर्षं चिकटवायची नाहीत. संस्थानाचंही तेच: 'कोल्हापूर वॉज मर्ज्ड विथ बॉम्बे प्रॉव्हिन्स इन १९४९.' विलीनीकरण एकदाच झालं, त्याला यूस्ट टू कसं लागेल?

*एकदाच घडलेल्या गोष्टीला लावणं.* २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. 'द हायवे वॉज क्लोज्ड फॉर सेव्हरल डेज.' कितीही दिवस बंद असला तरी ती एक घटना आहे.

पायरी ४: नकार आणि प्रश्न

इथं 'डिड' येतो आणि भूतकाळाचं ओझं तो उचलतो, म्हणून यूस्टचा डी गळतो.

'आय डिडन्ट यूस टू ड्रिंक टी.' मी चहा प्यायचो नाही.
'व्हेअर डिड यू यूस टू लिव्ह?' तुम्ही कुठं राहायचा?

बोलताना काही अडत नाही, कारण 'यूस टू' आणि 'यूस्ट टू' कानाला सारखेच लागतात. चूक दिसते ती लिहिताना, अर्जात किंवा उत्तरपत्रिकेत. 'डिड' किंवा 'डिडन्ट' असेल तर डी काढा. बाकी सगळीकडं, चारही साच्यांत, डी ठेवा.

डिडन्ट जड वाटत असेल तर 'नेव्हर' वापरा, डी तसाच राहतो: 'आय नेव्हर यूस्ट टू ड्रिंक टी.' जुन्या पुस्तकांत 'यूस्ट नॉट टू' सापडतं. वाचून समजलं म्हणजे पुरे, वापरू नका.

पूर्ण वाक्य परत म्हणायची गरज नसते. 'डू यू रेसल?' 'नो, बट आय यूस्ट टू.' शेवटी आलेला 'टू' मात्र स्पष्ट म्हणायचा, तो गिळायचा नाही.

पायरी ५: दुसरा साचा, सवय आहे

नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात उपयोगी पडणारा साचा हाच. दोन वाक्यं शेजारी ठेवा.

'आय यूस्ट टू वर्क नाइट शिफ्ट्स.'
'आय ॲम यूस्ट टू वर्किंग नाइट शिफ्ट्स.'

पहिल्याचा अर्थ: पूर्वी रात्रपाळी करायचो, आता करत नाही. दुसऱ्याचा: रात्रपाळीचं मला काही वाटत नाही, सवय आहे. रात्रपाळीला माणूस हवा असलेल्या कारखान्यात पहिलं वाक्य बोललात तर समोरचा विचारणार, मग सोडली का? 'ॲम' आणि 'इंग' हे दोन तुकडे गळले की अर्थ पार फिरतो.

'इंग' का लागतं ते समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागणार नाही. मराठीत आपण 'उठण्याची सवय', 'उभं राहण्याची सवय' म्हणतो. 'उठणे' या क्रियापदाचं तिथं नाम झालेलं असतं. इंग्रजीतही तेच होतं: गेट अपचं 'गेटिंग अप', स्टँडचं 'स्टँडिंग'. पारखायचं असेल तर क्रियापदाच्या जागी 'धिस' ठेवून बघा. 'आय ॲम यूस्ट टू धिस' बसतं, म्हणजे पुढं नाम चालतं, म्हणजे क्रियापद आलं तर इंग लावूनच. पहिल्या साच्यात 'आय यूस्ट टू धिस' बसत नाही, म्हणून तिथं मूळ क्रियापद.

सरावासाठी काही वाक्यं:

'आय ॲम यूस्ट टू स्टँडिंग फॉर एट अवर्स.' आठ तास उभं राहायची सवय आहे.
'आय ॲम नॉट यूस्ट टू स्पीकिंग इंग्लिश ऑन द फोन.' फोनवर इंग्रजी बोलायची सवय नाही.
'आर यू यूस्ट टू वर्किंग ऑन सीएनसी मशीन्स?' सीएनसी मशीनवर काम करायची सवय आहे का?
'पीपल इन चंदगड आर यूस्ट टू हेवी रेन.' चंदगडच्या लोकांना धो धो पावसाची सवय आहे.

काळ बदलायचा तर फक्त ॲम-इज-आर बदला, 'यूस्ट टू'ला हात लावू नका: वॉज यूस्ट टू, विल बी यूस्ट टू. 'लहानपणापासून सवय आहे' याला मराठीत 'आहे' असलं तरी इंग्रजीत 'हॅव बीन' लागतं: 'आय हॅव बीन यूस्ट टू हार्ड वर्क सिन्स चाइल्डहुड.'

जेवणाच्या खानावळीत बाहेरचा पाहुणा आला तर हा साचा रोज कामाला येतो. 'आर यू यूस्ट टू स्पायसी फूड?' असं विचारा. नाही म्हणाला तर 'स्टार्ट विथ द व्हाइट वन' म्हणून पांढरा रस्सा पुढं करा आणि तांबडा नंतर द्या.

आता या साच्यातला सगळ्यात खोल खड्डा. मराठीत 'सवय' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, अंगवळणी पडलेलं, जड न जाणारं. दुसरा, खोड किंवा रोजचा शिरस्ता. 'मला नखं खायची सवय आहे' यातली सवय दुसरी. तिचं 'आय ॲम यूस्ट टू बाइटिंग माय नेल्स' केलंत तर ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, नखं खाणं आता मला जड जात नाही. म्हणायचं असतं 'आय हॅव अ हॅबिट ऑफ बाइटिंग माय नेल्स'. 'जेवल्यावर पान खायची सवय आहे' हे तर साधं 'आय ईट पान आफ्टर मील्स'.

पारख अशी करा: 'सवय आहे' काढून तिथं 'त्याचं काही वाटत नाही' घाला. 'रात्रपाळीचं मला काही वाटत नाही' छान बसतं, म्हणून यूस्ट टू. 'नखं खाण्याचं मला काही वाटत नाही' म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणून हॅबिट. या एका चाचणीनं निम्म्याहून जास्त चुका थांबतात, म्हणून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पायरी ६: तिसरा साचा, सवय होणे

दुसऱ्या साच्यातलं ॲम-इज-आर काढून 'गेट' घाला. काळ गेटमध्ये दिसतो.

- होईल: 'यू विल गेट यूस्ट टू इट.'
- होतेय: 'आय ॲम गेटिंग यूस्ट टू द न्यू मशीन.'
- झाली: 'आय गॉट यूस्ट टू द नॉइज इन अ वीक.'
- अजून झाली नाही: 'आय हॅवन्ट गॉट यूस्ट टू इट येट.' अमेरिकन माणूस इथं 'गॉटन' म्हणेल, दोन्ही बरोबर.

फाउंड्रीत नवीन आलेल्याला धीर द्यायचा असेल तर: 'इट इज हॉट निअर द फर्नेस. यू विल गेट यूस्ट टू इट.' महाद्वार रोडवर कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्याला तर हे वाक्य पाठच हवं, कारण नवी चप्पल पायात घातली की बाहेरचं गिऱ्हाईक हमखास नाक मुरडतं: 'द लेदर इज हार्ड ॲट फर्स्ट. युअर फीट विल गेट यूस्ट टू इट.' आपण 'चप्पल चावते' म्हणतो म्हणून 'बाइट' म्हणू नका, 'पिंच' म्हणा.

दोन चुका सांभाळा. 'आय विल यूस टू इट' यात गेट गळलाय आणि वाक्य लंगडं झालंय. आणि लिहिताना 'गेटिंग'च्या पुढचा डी विसरू नका. डी फक्त डिडबरोबर गळतो.

पायरी ७: चौथा साचा, वापरतात

हा सोपा आहे, कारण इथं कर्ता बहुतेक वेळा वस्तू असते. उच्चार गुणगुणता: यूझ्ड. पुढं मूळ क्रियापद.

'सँड इज यूझ्ड टू मेक द मोल्ड.' साचा करायला वाळू वापरतात.
'बाभूळ बार्क इज यूझ्ड टू टॅन द लेदर.' कातडं कमवायला बाभळीची साल वापरतात.
'भेंडी इज यूझ्ड टू क्लीन द शुगरकेन जूस.' उसाच्या रसातली मळी काढायला भेंडी वापरतात.

'यूझ्ड फॉर' घेतलंत तर मात्र इंग लागतं: 'यूझ्ड फॉर टॅनिंग.' दोन्ही साचे एका दमात बोलून बघा: 'धिस शेड यूस्ट टू बी अ गुऱ्हाळ. नाउ इट इज यूझ्ड टू स्टोअर फर्टिलायझर.' पहिल्यात स, दुसऱ्यात गुणगुणता आवाज. हे वाक्य न अडखळता आलं की पहिली पायरी पक्की झाली समजा.

पायरी ८: गोष्ट लांबली की 'वुड'

जुन्या दिवसांबद्दल पाच-सहा वाक्यं बोलायची असतील तर प्रत्येकात यूस्ट टू घालू नका, ऐकायला कंटाळवाणं होतं. मराठीत आपण आपोआप काय करतो बघा: 'आमचे शेजारी गुऱ्हाळ चालवायचे. पहाटे उठत, चुलवाण पेटवत, काहिलीत रस ओतत.' पहिल्या वाक्यात 'चालवायचे' आणि मग नुसतं उठत, पेटवत, ओतत. इंग्रजीतही तसंच करायचं. पहिलं वाक्य यूस्ट टूचं, पुढची वुडची.

'अवर नेबर यूस्ट टू रन अ गुऱ्हाळ निअर वडणगे. आफ्टर दिवाळी, ही वुड गेट अप ॲट थ्री. ही वुड लाइट द फायर अँड पोअर द जूस इन्टू द बिग पॅन. वी वुड वेट फॉर द हॉट जॅगरी.'

दोन बंधनं पाळा. वुड फक्त कृतीला लागतो, स्थितीला नाही. असणे, राहणे, आवडणे, माहीत असणे यांना यूस्ट टूच हवं. 'कोल्हापूर वुड बी अ प्रिन्सली स्टेट' म्हणजे काहीतरी तिसरंच होतं. दुसरं, 'आफ्टर दिवाळी', 'एव्हरी समर' असा काळाचा खुंटा आधी ठोकलेला हवा. नाहीतर नुसतं 'ही वुड गो' ऐकून समोरचा 'जर'ची वाट बघत बसतो.

पायरी ९: सराव

पहिले दोन दिवस फक्त उच्चार. रोज दहा मिनिटं, रेकॉर्ड करून.

तिसऱ्या दिवशी त्या वयस्क माणसाजवळ बसा. परवानगी घेऊन पाच मिनिटं रेकॉर्ड करा. विचारा: 'तुमच्या लहानपणी पाणी कुठनं आणायचा? शाळेला कसं जायचा? सणाला काय करायचा?' उत्तरात आणायचो, जायचो, करायचो यांची रास पडेल. घरी येऊन प्रत्येक वाक्य वहीत मराठीत उतरवा आणि खाली इंग्रजी लिहा. यूस्ट टू निळ्यानं, ॲम-इज-गेट असलेली वाक्यं लाल पेनानं. मधे 'तेव्हा सहा वर्षं मिरजेला होतो' असं मोजलेलं वाक्य येतंच. त्याला निळा रंग लावायचा नाही. पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा हा सराव कितीतरी पटीनं चांगला, कारण शेवट ओळखायचं काम तुमच्याच कानाला करावं लागतं.

पुढचे चार दिवस रोज दोन-दोन वाक्यं प्रत्येक साच्यात, स्वतःच्या कामातली.

शेवटी ही सहा वाक्यं दुरुस्त करा. उत्तरं झाकून ठेवा.

१. 'आय यूस टू टेक द केएमटी बस एव्हरी डे.' (अजूनही बसनंच जातो.)
२. 'आय ॲम यूस्ट टू गेट अप अर्ली.'
३. 'डिड यू यूस्ट टू प्ले कबड्डी?' (लेखी वाक्य.)
४. 'वी यूस्ट टू स्टे इन कागल फॉर टू इयर्स.'
५. 'धिस ऑइल इज यूझ्ड टू कूलिंग द टूल.'
६. 'देअर वुड बी अ बिग ट्री हिअर.' (पूर्वी इथं मोठं झाड होतं.)

उत्तरं:

१. 'आय टेक द केएमटी बस एव्हरी डे.' आजची सवय, साधा वर्तमानकाळ.
२. 'गेटिंग अप.' 'धिस' ठेवून बघा, बसतं, म्हणून इंग.
३. 'डिड यू यूस टू.' डिड आला, डी गेला.
४. 'वी स्टेड.' दोन वर्षं मोजली.
५. 'टू कूल द टूल' किंवा 'फॉर कूलिंग द टूल'. दोन्हींची सरमिसळ झाली होती.
६. 'देअर यूस्ट टू बी.' झाड असणं ही स्थिती, तिथं वुड नको.

चार किंवा त्याहून कमी बरोबर आली असतील तर चुकलेल्या वाक्याची पायरी तेवढीच परत वाचा आणि त्या वयस्क माणसाकडं आणखी पाच मिनिटं जाऊन बसा, या वेळी प्रश्न नवे घेऊन.